वर्ध्याहून सिंधुदुर्गात जमीन घेताना: प्रकल्प नोंदी (जानेवारी ते ऑक्टोबर २०२५)

१२ जानेवारी २०२५

काम असं: सिंधुदुर्ग जिल्ह्यात एक-दीड एकर भरड (भातशेतीची नसलेली) जमीन घ्यायची, काजू लावायचा, पुढेमागे दोन खोल्या बांधायच्या. घेणारे तिघं: मी, ताई आणि भाऊजी. सगळं धरून बजेट ३० लाख. आमची शेती वर्धा जिल्ह्यात, काळी जमीन, कपाशी आणि तूर. कोकणात नात्यातलं कोणी नाही, ओळखीचंही नाही. परक्या मुलखात जमीन घ्यायला निघालेल्या दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतो आहे. तालुका आणि गाव मुद्दाम लिहीत नाही, शेजारी अजून नवे आहेत.

पहिली अडचण घरातच निघाली. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. सातबारा राज्यातला कुठलाही चालतो, पण नाव घेणाऱ्याचं स्वतःचं पाहिजे. भाऊजी नोकरीतले. त्यांच्या गावची शेती अजून वडिलांच्या नावावर. आमच्या वावरात मात्र बाबा गेल्यावर वारस म्हणून ताईचं नाव लागलं होतं. तेव्हा खरेदी ताईच्या आणि माझ्या नावावर करायची ठरलं. भाऊजी म्हणाले, "पैसे माझे आणि मालक तुम्ही दोघं बहीणभाऊ!" हसण्यावारी गेलं, पण हा विषय व्यवहाराच्या दिवशी निघाला असता तर हसण्यावारी गेला नसता. दोघांचे सातबारे आणि तहसीलचा शेतकरी दाखला फाइलमध्ये लावले.

९ फेब्रुवारी

पहिली चक्कर. नागपूर–मडगाव विशेष गाडी वर्ध्याला थांबते, पण आठवड्यातून दोनदाच. त्यामुळे दोन दिवसांच्या कामाला पुढच्या गाडीपर्यंत मुक्काम. हा लॉजचा खर्च आम्ही बजेटमध्ये धरलाच नव्हता.

इथे भाव गुंठ्यावर बोलतात. एकराचा भाव विचारला की समोरचा लगेच ओळखतो, हे घाटावरून आलेले. एकच जमीन तीन एजंटांनी दाखवली: एकाने ५५ हजार गुंठा सांगितली, दुसऱ्याने ४८, तिसऱ्याने ७०. तिघांपैकी एकाकडेही मालकाचं लेखी काही नव्हतं.

भावात पुढची स्वप्नंही धरलेली असतात. गोव्यातल्या मोपाचं विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, त्याचं नाव प्रत्येक वाक्यात. सिंधुदुर्गातल्याच चिपी विमानतळाचं नाव अजून घेतात. आम्ही वर्ध्याचे कळल्यावर एक एजंट खूश झाला: शक्तिपीठ महामार्ग पवनारहून निघून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला येणार, म्हणजे तुमच्या दारातून आमच्या दारात! पवनारला आमची अर्धी सोयरीक आहे, तिथल्या लोकांना रस्ता कुठून जाणार याचा पत्ता नाही आणि कोल्हापुरात त्याच्याविरुद्ध मोर्चे निघताहेत. आम्ही नियम केला की आज डोळ्यांनी दिसतं त्याचेच पैसे द्यायचे. रस्ता, विजेचा खांब, पाणी, स्टेशनचं अंतर. बाकीचं झालं तर झालं.

"दहा गुंठे घ्या, परवडेल" असं सांगणारेही भेटले. तुकडेबंदी कायद्यात जिरायत जमिनीचं प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी, क्षेत्र २० गुंठे आहे, दहाचं स्वतंत्र खरेदीखत होत नाही. मग "चार जणांची नावं सामाईकात लावू" हा तोडगा निघतो. कागदावर चौघं मालक, जमिनीवर कोणाचा कुठला तुकडा हे तोंडी. नको म्हटलं.

२३ फेब्रुवारी

जमीन क्रमांक एक, वेंगुर्ल्याच्या बाजूची, समुद्र दिसणारी. भाव आश्चर्य वाटावं इतका कमी. भरतीरेषेपासून मोजलं तर जवळपास सगळी जमीन २०० मीटरच्या आत. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) विकासबंदी पट्ट्यात दोन खोल्यांचा विषयच संपला. मालक म्हणाला, "शेजाऱ्याने बांधला ना!" शेजाऱ्याचं जुनं घर होतं, दुरुस्त केलेलं. सोडली.

८ मार्च

जमीन क्रमांक दोन. रस्त्याला लागून, कातळ थोडा, बाकी तांबडी माती, बाजूला काजूची बाग. सातबाऱ्याच्या इतर हक्कात १९७५ च्या खाजगी वन कायद्याची नोंद. एजंट: "ती नोंद कमी होऊन मिळता, सगळ्यांच्याच आसत." असतील. ज्याची आहे त्याने कमी करून आणावी, मग आम्ही येतो. वनखात्याशी भांडण विकत घेण्याइतकी आमची ३० लाखांची ऐपत नाही.

ऑनलाइन सातबारा १५ रुपयांत मिळतो. जमीन बघायला गाडी काढण्याआधी तो काढा, इतर हक्काचा रकाना आधी वाचा. आम्ही जमीन आधी बघितली, आवडली, मग कागद बघितला. आवडलेल्या जमिनीचा कागद माणूस पोटातून माफ करत वाचतो.

१६ मार्च

शिमग्याच्या आसपास आल्यामुळे मुंबईची मंडळी गावात भेटली. जमीन क्रमांक तीन इथेच सापडली, आणि एजंटाकडून नाही. बाजारात काजूबिया घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कलमांची चौकशी करत होतो, तो म्हणाला आमच्या वाडीत एका घराण्याची जमीन विकायची आहे, पण घेणाराच टिकत नाही. का टिकत नाही? "तुमका जमीन होयी की वाद होयो?" एवढंच म्हणून हसला.

क्षेत्र ६२ गुंठे, भरड, हलका उतार, खालच्या अंगाला वहाळ (ओढा). भाव ३८ हजार गुंठा. आजूबाजूला ५० च्या खाली काही नाही. स्वस्त का, तर सातबाऱ्यावर अकरा नावं. त्यातली चार माणसं वारलेली. एका नावापुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं, त्याच्यामागे आणखी कोण आहेत ते सातबारा सांगत नाही.

दोष कागदाचा आहे, जमिनीचा नाही. सीआरझेड आणि वन आपल्याच्याने हलत नाहीत. नावं हलू शकतात, वेळ लागेल. म्हणून हिच्यावर वेळ घालवायचं ठरवलं. बयाणा मात्र एक रुपयाही दिला नाही. मालकांना सांगितलं, आधी सगळ्यांची नावं एका कागदावर आणा.

१७ मार्च

नावांचा कागद तयार झाला तो प्रसंग लिहून ठेवतो, कारण वकिलाच्या शोधात न सापडलेली गोष्ट इथे सापडली.

पडवीत बसलो होतो. घरातला थोरला मुलगा, मुंबईत डोंबिवलीला असतो, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वंशावळ काढत होता. आजोबा, त्यांची मुलं, त्यांची मुलं. बायका-मुली सुटत होत्या, आम्ही विचारत होतो, तो घालत होता. कोपऱ्यात त्याची काकी काजूबिया निवडत बसलेली, वय ऐंशीच्या वर, आमच्याकडे लक्ष नाही असं वाटत होतं. तो कागद गुंडाळायला लागला तशी मान वर न करता म्हणाली, "आणि माझी नणंद? बेळगावाक दिलेली? तिका खय घातलंस?"

सगळे गप्प. नणंद वारली होती, पण तिला दोन मुलगे आणि एक मुलगी. संगणकाच्या सातबाऱ्यावर तिचं नाव कुठेच नाही. माणसं वीसवरून तेवीस झाली.

४ एप्रिल

स्थानिक वकील नेमला, फी ४० हजार. वर्ध्याच्या ओळखीच्या वकिलांनी ऑनलाइन कागदांवरून "टायटल ठीक वाटतं" म्हटलं होतं. चांगला माणूस, पण त्यांच्यासमोर फक्त संगणकाचे उतारे होते. इथल्या वकिलाने तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून हस्तलिखित सातबारे आणि जुने फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) काढले. १९८७ च्या वारस फेरफारात बेळगावच्या बहिणीचं नाव स्वच्छ अक्षरात आहे. हस्तलिखितावरून संगणकावर उतरवताना गळलं. अशा लेखनप्रमादाची दुरुस्ती जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार करतात. मालकांकडून अर्ज दिला.

दुसरं निघालं ते जास्त महत्त्वाचं. हे लोक मूळचे मालक नाहीत. आजोबा कुळ होते, साठच्या दशकात कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली किंमत ठरून जमीन त्यांच्या नावावर झाली. म्हणून सातबाऱ्यावर कलम ४३ चं बंधन: परवानगीशिवाय विकता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाची खरेदी होऊन दहा वर्षं झाली असतील तर परवानगी लागत नाही, आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरायचा. आमच्या जमिनीचा आकार २ रुपये ८७ पैसे. नजराणा ११४ रुपये ८० पैसे!

रक्कम वाचून भाऊजी म्हणाले, मी आत्ता खिशातून देतो. पण भरायला ३२ म चं प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) लागतं आणि ते घरात कोणाकडे नाही. त्याची नक्कल शोधायची.

विदर्भातून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: आपल्याकडचा कुळकायदा वेगळा, १९५८ चा. इथे १९४८ चा चालतो, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासूनचा (त्या दिवशी कुळं मालक झाली असं धरतात) सगळा इतिहास सातबाऱ्यात घट्ट बसलेला असतो. गावाकडच्या अनुभवावर अंदाज बांधू नका.

२ मे

मोजणी झाली. दोन हेक्टरच्या आतल्या क्षेत्राला द्रुतगती मोजणीची फी ८ हजार, नियमितची २ हजार. अर्ज मालकाच्याच नावाने करावा लागतो, फी आम्ही दिली. आधीची तारीख वाया गेली होती, कारण लगतच्या एका धारकाला नोटीस पोचली नव्हती. तो बोरिवलीला आणि पत्ता गावचा.

निकाल: सातबाऱ्यावर ६२ गुंठे, ताब्यात ५८. वरच्या अंगाच्या शेजाऱ्याचा चिऱ्याचा गडगा (दगडी बांध) चार गुंठे आत आहे, आणि गडग्यावरचं शेवाळ बघता तो काल घातलेला नाही. भांडायचं की सोडायचं? आमच्याकडे कोणी धुरा फोडला तर दोन पिढ्या बोलत नाहीत. इथे मी तिऱ्हाईत, एकटा, आठशे-हजार किलोमीटरवरून येणारा. ५८ गुंठ्यांचेच पैसे देऊ असं मालकांना सांगितलं, त्यांनी दोन दिवसांनी मान्य केलं. रक्कम २२ लाख ४ हजार.

गडगेवाला शेजारी मोजणी संपल्यावर जवळ आला आणि शांतपणे विचारलं, "गाडी खयसून नेतलास?" खरंच की! जमिनीपर्यंतची वाट म्हणजे त्याच्याच हिश्श्यातली पायवाट. नकाशात रस्ता नाही. बैल जातो, माणूस जातो, चिऱ्याचा ट्रक जाणार नाही. प्रत्येक एजंटाला मी पाणी आणि वीज विचारत होतो, रस्ता "आहे" म्हटलं की पुढे जात होतो.

११ मे

पाण्यासाठी मे महिन्यातच यायचं असं ठरवलं होतं. शेजारची बाव (विहीर) बघितली: तळाला हातभर पाणी, पंप लावला की दहा मिनिटांत गाळ. वहाळ कोरडा. म्हणजे काजूला पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात टँकर किंवा स्वतःची बाव. बोअर मारणाऱ्याने "पाणी लागतलाच" म्हणून सांगितलं, पण खाली किती कातळ आहे ते विचारल्यावर विषय बदलला. बजेटमध्ये विहिरीचे दोन लाख वेगळे काढून ठेवले.

२९ मे

हद्दीचे दगड याच आठवड्यात बसवायचे होते. पावसाने यंदा मे संपायच्या आतच कोकण गाठलं. सगळीकडे चिखल, दगड आणणारा टेम्पो वाटेतच रुतला. दगड आता दिवाळीनंतर. तात्पुरते खुणेचे खांब आहेत, त्यांचे फोटो आणि मोजणीची "क" प्रत (मोजणीचा नकाशा) जपून ठेवली आहे.

१४ जुलै

भर पावसात जमीन बघितली. सर्वांना हाच सल्ला: मे मध्ये पाणी बघा, जुलैमध्ये वाट बघा. वहाळ पाच-सहा फूट रुंद वाहतोय, खालचे सुमारे सहा गुंठे पाण्याखाली. घर खाली बांधायचं मनात होतं, ते वर सरकलं.

वाटेचं काम झालं. तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. वकील म्हणाले मागू, पण निकाल, मग अपील. शेजाऱ्याशी थेट बोललो. दहा फुटी रस्त्याचा कायमचा हक्क नोंदणीकृत करारानं, दीड लाख रुपये. महाग आहे. चार गुंठे मागितले नाहीत ते त्याला ठाऊक होतं, त्यामुळे बोलणी दोन चहात झाली. करारावर त्याच्यासोबत त्याच्या बायकोची आणि दोन्ही भावांची सही घेतली. करार खरेदीखताच्या दिवशीच नोंदवायचा, आधी नाही. खरेदी फिसकटली तर रस्ता घेऊन काय करू?

३२ म ची नक्कल सापडली. ११४ रुपये ८० पैसे भरले. चलन हातात यायला एप्रिल ते जुलै गेले.

२ ऑगस्ट

जाहीर नोटीस स्थानिक दैनिकात दिली होती, १४ दिवसांची. खर्च साडेसहा हजार. एक हरकत आली: २०११ मध्ये एका वारसाने याच जमिनीपोटी ५० हजार इसार घेतल्याचा साधा स्टॅम्पपेपर. नोंदणी नाही, मुदत कधीच संपलेली. वकील म्हणाले कोर्टात टिकणार नाही. पण गावात टिकेल, असं मला वाटलं. त्या वारसाच्या वाट्यातून ५० हजार परत करून हरकतदाराचं "काही हक्क नाही" असं लेखी घेतलं. ज्याने पैसे खाल्ले त्यालाच ते आठवत नव्हते.

नोटीस हा उपचार समजून शेवटी देतात. ती लवकर द्या. गावाला जे माहीत असतं ते नोटिशीमुळे बाहेर येतं.

२९ ऑगस्ट

खरेदीखत. तारीख मार्चमध्येच ठरली होती: २७ ला गणेश चतुर्थी, मुंबई-पुण्याची सगळी मंडळी घरी येणार. तेवीस माणसं एरवी एका जागी आणायची तर प्रत्येकाच्या रजेचा आणि गाडीभाड्याचा हिशेब झाला असता. गणपतीने तो फुकट केला.

तेवीसपैकी एकवीस हजर. बेळगावची मुलगी येऊ शकत नव्हती, तिने भावाच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र पाठवलं होतं. एक पुतण्या दुबईत. त्याचं मुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित करून आणलेलं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित केलेलं. ही तीन महिन्यांची अट वकिलाने आठवण केली म्हणून पाळली गेली.

आदल्या रात्री एका शाखेने निरोप पाठवला होता की उरलेल्यांचं आधी करून घ्या, आमचं नंतर बघू. नाही म्हटलं. अर्ध्या वारसांकडून अविभाज्य हिस्सा घेतला तर आपण त्या घराण्याच्या भांडणात उपरे सहहिस्सेदार होऊन बसतो, आणि वाटपाचा दावा आपल्या डोक्यावर. सगळे किंवा कोणी नाही, हे पहिल्या दिवसापासून सांगितलेलं असल्यामुळे ताणलं तरी तुटलं नाही. सकाळी मोदकांचा डबा घेऊन तीच शाखा सगळ्यांच्या आधी कार्यालयात!

प्रत्येकाचा पॅन, आधार, फोटो, अंगठा. मध्ये तासभर सर्व्हर बंद. पैसे प्रत्येकाच्या खात्यात वेगवेगळे, त्याच्या वाट्याप्रमाणे. एकाच्या नावे एकरकमी चेक द्या म्हणत होते, दिला नाही. ऐंशीच्या वरच्या काकींचा अंगठा मशीन घेईना. बिया सोलून सोलून रेषा झिजलेल्या. तेल लावून, पुसून, डाव्या हाताच्या करंगळीवर जमलं.

नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, २२ हजार ४०. (कमाल मर्यादा ३० हजार.) मुद्रांक शुल्क वेगळं, रेडी रेकनर (सरकारी दर) आणि प्रत्यक्ष किंमत यांत जास्त असेल त्यावर बसतं, इथे प्रत्यक्ष किंमत जास्त होती. रस्त्याचा करार दुपारी त्याच टेबलावर.

१९ सप्टेंबर

फेरफाराची नोटीस लागली होती, हरकतीची मुदत १५ दिवस, कोणी आलं नाही. मधल्या काळात ज्या एजंटाने हीच जमीन कधी दाखवलीही नव्हती त्याचा दोन टक्के मागायला फोन आला. काजूच्या व्यापाऱ्याला मात्र आपण होऊन दहा हजार आणि घरच्या तुरीची डाळ दिली. त्याने पैसे घेताना बराच वेळ नाही म्हटलं, डाळ लगेच घेतली.

६ ऑक्टोबर

फेरफार मंजूर. नवा सातबारा काढला: ताईचं आणि माझं नाव, भोगवटादार वर्ग १ (विकायला बंधन नसलेली जमीन), इतर हक्कातली कलम ४३ ची नोंद कमी झालेली. क्षेत्र ६२ गुंठेच दिसतं, चार गुंठ्यांचं काय ते शेजाऱ्याला आणि आम्हाला माहीत आहे. पुढे विकताना घेणाऱ्याला मोजणीची प्रत दाखवणार.

वकील, मोजणी, नोटीस, रस्ता, नक्कल, मुक्काम, गाडीभाडं हा जमिनीच्या किमतीबाहेरचा खर्च मुद्रांक शुल्क सोडून तीन लाखांच्या आसपास गेला. म्हणजे गुंठ्याला पाच हजार वर. ३८ हजारांची जमीन ४३ ला पडली, तरी शेजारच्या ५० पेक्षा खाली.

बाकी कामं: हद्दीचे दगड दिवाळीनंतर. बाव कुठे पाडायची ते पुढच्या मे महिन्यात पुन्हा पाणी बघून. खड्डे एप्रिलमध्ये, सात बाय सात मीटरवर. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची कलमं वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात आधी नोंदवावी लागतात, त्याचा अर्ज भाऊजींनी भरला आहे. कागदावर त्यांचं नाव आलं ते तेवढंच.